रस्त्याकडेला घर, दारात जनावर

रस्ता चौपदरी झाला, दुभाजक आला, गाड्यांचा वेग वाढला. गोठ्यातल्या म्हशीला यातलं काही ठाऊक नसतं. तिच्या लेखी ओढ्याकडची वाट अजून तिथूनच जाते.

हिशेब मांडून बघा. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर अंतर कापते. चालकाला काही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ३३ मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. आणि लाइट डिपरवर असेल तर काळी म्हैस चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावरच नजरेस पडते. म्हणजे शुद्धीत, जपून गाडी चालवणारा माणूसही तिला धडकणारच. जनावर रस्त्यावर न येऊ देणं हाच खरा उपाय, आणि त्यातलं निम्मं काम गोठ्यातच करायचं असतं. दोर आणि कुंपण त्यानंतर.

ओढाळ गाय: आधी तीन दिवस नुसतं बघा

एखादी गाय सारखी सुटून रस्त्यावर जात असेल तर तिला ओढाळ म्हणून मोकळं होऊ नका. तीन दिवस तिच्यावर नजर ठेवा: किती वाजता जाते, कुठल्या बाजूनं जाते आणि तिथं पोचल्यावर काय करते. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

जाऊन नुसती बसत असेल, तर गोठ्यात तिला बसायला धड जागा नाही. पावसाळ्यात हे हमखास होतं. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उबदार राहतं, पाणी लवकर निथळतं, खाली चिखल नसतो आणि जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्यानं माशा-डास अंगावर ठरत नाहीत. गोठ्यात मात्र खूरभर शेण-मूत आणि वर गोमाशांचा गोंगाट. तुम्ही गायीच्या जागी असतात तर कुठे बसला असतात? उपाय सरळ आहे. मोठ्या गायीला छपराखाली किमान साडेतीन चौरस मीटर आणि म्हशीला चार चौरस मीटर कोरडी जागा मिळायला हवी. मोकळं आवार त्याच्या दुप्पट. जमिनीला नालीच्या दिशेनं दर ४० ते ६० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. याहून जास्त दिला तर जनावर घसरतं, कमी दिला तर मूत साचतं. फरशी गुळगुळीत कोबा केलेली असेल तर तिच्यावर छिन्नीनं टाचा मारून ती खरबरीत करून घ्या. संध्याकाळी धार काढण्याआधी शेण काढा, बसायच्या जागेवर उसाचं वाळलेलं पाचट किंवा भाताचा पेंढा टाका आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करा. ती गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला आणि पेंढ्यापासून लांब करायची, एवढं भान ठेवा.

जाऊन कचरा चघळत असेल तर पोट भरत नाही. दुभत्या संकरित गायीला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा आणि सहा-सात किलो वाळली वैरण लागते, खुराक वेगळा. वैरणीचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी ठीक असतं, पण वेळ चुकते. सकाळीच सगळा कडबा टाकला तर दुपारनंतर गव्हाण रिकामी होते आणि गाय वाट शोधू लागते. वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळच्या धारेनंतर द्या. भरल्या पोटी जनावर बसून रवंथ करतं. पाणी दिवसाला ४० ते ६० लिटर, दुभत्या जनावराला दर लिटर दुधामागे आणखी चार-पाच लिटर. दोनदा बादली दाखवून हे भागत नाही. हौद सतत भरलेला हवा. कागद, चिंध्या, माती चाटत असेल तर तिला क्षार कमी पडताहेत. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण खुराकातून द्या आणि चाटण वीट गव्हाणीवर टांगून ठेवा.

आणि जाऊन दुसऱ्या जनावरांत मिसळत असेल, हंबरत असेल, तर ती माजावर आलेली असते. गायीचा माज सुमारे २१ दिवसांनी येतो आणि १२ ते १८ तास टिकतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. विसाव्या दिवसापासून दुहेरी दाव्यानं बांधा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतन करतानाच लिंग वर्गीकृत वीर्यमात्रेची चौकशी करा. तिच्यातून होणाऱ्या वासरांत सुमारे ९० टक्के कालवडी निघतात, आणि पुढे कोणी घेत नाही म्हणून गोऱ्हा हायवेवर नेऊन सोडायचा प्रश्नच बऱ्याच अंशी मिटतो.

शहरालगतच्या गोठ्यांत एक वेगळीच रीत रुजली आहे: सकाळी धार काढायची, गाय सोडून द्यायची, संध्याकाळी ती आपली आपण घरी येते. चारा वाचतो हे खरं. पण त्या गायीच्या पोटात प्लॅस्टिक साठतं, दूध हळूहळू उतरतं, आणि एक दिवस ती घरी येत नाही. हा हिशेब वर्षाचा काढला तर फुकटचा चारा सगळ्यात महाग पडतो.

इथं गाय न पाळणाऱ्यांचाही हात असतो. रोज सकाळी रस्त्याकडेच्या त्याच खांबापाशी पोळी आणि भाजीची देठं ठेवली की जनावरं त्याच वेळी त्याच जागी येऊन थांबू लागतात. गोग्रास द्यायचा तर गोठ्यात नेऊन द्या. ओला कचरा पिशवीला गाठ मारून बाहेर ठेवू नका. गाय पिशवीसकट गिळते.

दावं, गाठ आणि खुंटा

गळ्यातलं दावं सुती किंवा अंबाडीचं, अंगठ्याएवढं जाड. नायलॉन स्वस्त पडतं आणि टिकतं, पण ओढाताण झाली की कातडी भाजल्यासारखी सोलवटते आणि पावसाळ्यात तिथे जखम चिघळते. गळ्याचा फास घट्ट होत जाणारा नको. तिथे निरगाठ मारा आणि दाव्याखाली चार बोटं आडवी सहज जातील एवढी जागा ठेवा. वाढत्या कालवडीच्या दाव्याची ही जागा दर महिन्याला तपासावी लागते.

खुंट्याकडची गाठ नेमकी उलटी हवी: सुरगाठ, म्हणजे मोकळं टोक ओढताच सुटणारी. गोठ्याला आग लागली, साप निघाला, म्हैस पायात दोर अडकून पडली, तर अंधारात निरगाठ सोडत बसायला वेळ नसतो. काही हुशार म्हशी सुरगाठीचं टोक दातात धरून ओढायला शिकतात. अशा वेळी ते टोक गाठीच्या फासातून एकदा आत ओवून घ्यायचं. मग माणसाला दोन हिसके द्यावे लागतात, आणि म्हशीला ते जमत नाही.

दावं आणि खुंट्याच्या मध्ये लोखंडी भोवरकडी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, घाला. ती नसेल तर जनावर फिरेल तसा दोराला पीळ पडत जातो, दोर आखूड होतो, आणि एके दिवशी पीळ पडलेल्या जागीच तुटतो. दोर क्वचितच मधोमध तुटतो. तुटतो तो कडीपाशी, जिथे रोज घासतो. आठवड्यातून एकदा त्या जागेवरून बोट फिरवा; धागे फुटलेले लागले की तेवढा भाग कापून नवी गाठ मारा.

बाहेर चरायला बांधताना मेख दोन फूट लांबीची घ्या आणि दीड फूट जमिनीत ठोका, डोकं जनावराच्या उलट दिशेला कललेलं. सरळ ठोकलेली मेख ओढीनं हलत हलत वर येते. पावसात भुसभुशीत झालेल्या जमिनीत मेखेवर भरवसा ठेवू नका, झाडाला बांधा. आणि बांधायची जागा निवडताना दोराची लांबी रस्त्याच्या दिशेनं पावलांनी मोजा: दोर पूर्ण ताणला तरी जनावर साइडपट्टीपासून पाच पावलं अलीकडे राहायला हवं. रस्त्याकडेचं हिरवं गवत बघून दोर लांब सोडायचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो.

गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवून जनावर पळत नाही असा समज जुना आहे. ते गुडघ्यांवर आपटून जखमा करतं आणि रस्ता ओलांडताना पायात येऊन जनावर नेमकं मधोमध अडखळतं. ते काढून टाका.

झटका मशीन लावायचं तर

शेत रस्त्याला लागून असेल तर झटका मशीनचं कुंपण दोर-खुंट्यापेक्षा बरं, पण नीट लावलं तरच. मशीन तारेत काही हजार व्होल्टचा ठोका सेकंदाला एकदा, क्षणाच्याही अंशापुरता सोडतं. म्हणून चटका बसतो पण जीव जात नाही. घरातली २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिनं जनावर मरतं, शेजारी मरतो, पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचा माणूस मरतो आणि गुन्हा दाखल होतो. रानडुकरांच्या नावाखालीही हे करू नये.

गायी-म्हशींना दोन तारा पुरतात: एक जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, दुसरी ९० वर. शेळ्यांना चार तरी लागतात आणि सगळ्यात खालची वीत-दीड वितीवर. मशीन चालतं पण झटका लागत नाही अशी तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा दोष अर्थिंगमध्ये सापडतो. दीड मीटरच्या तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, ओल राहील अशा जागी ठोका आणि एकाच तारेनं जोडा. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओता. दुसरं कारण गवत. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की ठोका तिथेच जमिनीत उतरतो. आठवड्याला तारेखालून विळा फिरवावा लागतो. टेस्टरवर कुंपणाच्या टोकाला चार हजार व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर जनावर जुमानणार नाही. रस्त्याकडच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी हवीच.

जनावराला कुंपणाची ओळख दिवसा करून द्या. नव्या गायीला एकदम आत सोडलं आणि ती पळत असताना झटका बसला तर ती मागे न फिरता तार तोडून पुढे जाते, म्हणजे थेट रस्त्यावर. पहिल्या दिवशी तारेपलीकडे मूठभर पेंड दाखवा, तिला सावकाश नाक लावू द्या. एकदा नाकाला बसलेला झटका ती विसरत नाही.

कळप रस्ता ओलांडताना

पुलाखालून बोगदा असेल तर अर्धा किलोमीटर वळसा पडला तरी तिथूनच न्या. नसेल तर दोन्ही बाजूंना दीडशे मीटर तरी रस्ता दिसतो अशी जागा हेरा. वळण आणि चढाचा माथा टाळा. दोन माणसं लागतात. एक लाल फडकं घेऊन आधी पुढे, गाड्यांच्या दिशेला तीस-चाळीस पावलांवर उभा राहतो, दुसरा कळपामागे. कळप रस्त्याच्या अलीकडेच गोळा करा, पांगलेला सोडू नका. मेंढरं आणि शेळ्या म्होरक्यामागे जातात, म्हणून म्होरक्याला दोरीनं धरून न्या. बाकीची हाकलावी लागत नाहीत.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे कळप पलीकडे पोचला आणि दोन करडं अलीकडेच राहिली. आई ओरडते, करडं धावतात. तेव्हा मागच्या माणसानं करडं अलीकडेच धरून ठेवायची, रस्ता मोकळा होईपर्यंत. हाका मारून बोलवायची नाहीत. दिवेलागणीची वेळ कटाक्षानं टाळा, तेव्हा चालकाला ना धड उजेडाचा उपयोग होतो ना लाइटचा.

अंधारात दिसायला हवं

ज्याला सगळे 'रेडियम' म्हणतात त्या चकाकत्या पट्टीत रेडियम मुळीच नसतं. ती गाडीचा प्रकाश आल्या दिशेनं परत फेकते. पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी जाड कापडावर शिवून गळपट्टा करा. शिंगांना चिकटवलेली पट्टी छान दिसते, पण डिपरचा झोत खाली पडतो आणि उंच बैलाची शिंगं त्याच्या वर राहतात. शिवाय शेणा-मातीनं ती महिनाभरात काळवंडते. गळ्यातली पट्टी जनावर बसलेलं असलं तरी प्रकाशात येते. पट्ट्याचं बंद वेल्क्रोचं ठेवा, म्हणजे झुडपात अडकलं तर गळफास न बसता निघून येईल. दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर पट्टी असून नसल्यासारखी. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीच्या मागे पट्टी लावलेली असतेच, पण उसाचं वाढं लोंबून तिच्यावर येतं. गाडी भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा बघा.

कुत्रा आणि फाटक

कुत्रा रस्त्यावर जातो तो बहुतेक वेळा फाटकातून, आणि फाटक उघडं राहतं ते दूधवाला, पार्सलवाला किंवा घरचीच मुलं जाताना. सगळ्यांना रोज सांगत बसण्यापेक्षा फाटक आपोआप लागेल असं करा. बिजागरीला स्प्रिंग मिळते. नाहीतर फाटकाच्या वरच्या कोपऱ्याला दोरी बांधून ती खांबावरच्या छोट्या कप्पीवरून घ्या आणि टोकाला तीन-चार किलोचं वजन टांगा. उघडलेलं फाटक वजनानं ओढलं जातं. खिट्टी मात्र पडल्यावर आपली आपण अडकणारी हवी, हातानं सरकवायची नको. फाटकाच्या गजांमधलं अंतर बघा: पिल्लाचं डोकं गेलं की अंगही जातं, म्हणून खालचा दोन फूट भाग जाळीनं बंद करा. गावठी कुत्रा पाच फुटांची भिंत सहज चढतो. कुंपणाखालून उकरणाऱ्या कुत्र्यासाठी एक फूट रुंद जाळी कुंपणाच्या पायथ्याशी आतल्या बाजूनं जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती टाका. तो भिंतीलगतच उकरतो, जाळी लागते, नाद सोडतो.

दुचाकीमागे धावणारा कुत्रा हा वेगळा विषय आहे. गाडी येते, तो भुंकत धावतो, गाडी निघून जाते. त्याच्या हिशेबी त्यानं तिला पळवून लावलं. दिवसातून चाळीस वेळा तो जिंकतो. त्याला मारून ही सवय जात नाही. फाटकाचा खालचा तीन फूट भाग पत्र्यानं झाका, म्हणजे धावती चाकं दिसणार नाहीत, आणि गर्दीच्या वेळी त्याला घराच्या मागच्या बाजूला ठेवा.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. शिवाय बांधलेला कुत्रा सुटला की दुप्पट वेगानं पळतो. अंगणाला कुंपण घालणं शक्यच नसेल तर दोन खांबांमध्ये पाच-सहा मीटर तार ताणून तिच्यावर सरकणारी साखळी लावा, सावली आणि पाणी तिच्या टप्प्यात ठेवा. तारेला अशा जागी गाठ किंवा अडणी लावा की कुत्रा भिंतीपर्यंत पोचणार नाही. भिंतीवरून पलीकडे उडी मारून साखळीला लटकून मेलेली कुत्री ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आता दारात थांबायची शिकवण. रोज पाच मिनिटं, दोन वेळा, पंधरा दिवस. कुत्र्याला पट्टा लावून दाराशी बसवा, 'थांब' म्हणा, दार चार बोटं उघडा. तो उठला की काही न बोलता दार लावा. बसून राहिला की वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा, दाराच्या आत. मग दार वीतभर, मग पूर्ण. मग तुम्ही बाहेर पाऊल टाकून परत या. शेवटी बाहेरून कोणी घंटी वाजवतं, चेंडू उडवतं, तरी तो बसलेला. जे लोक फसतात ते दुसऱ्या दिवशीच दार सताड उघडून बघतात. बोलावल्यावर येणंही असंच, दहा मीटरच्या दोरीवर, मोकळ्या रानात शिकवा. एक नियम मोडू नका: बोलावल्यावर आलेल्या कुत्र्याला रागावायचं नाही, तो कितीही उशिरा आला तरी. एकदा मार खाल्ला की पुढच्या वेळी तो रस्त्यापलीकडेच उभा राहून तुमच्याकडे बघत बसेल.

फिरायला नेताना पट्टा दीड मीटरचा, न वाढणारा. बटण दाबून लांब होणारा पट्टा रस्त्यालगत वापरू नका. बटणावर बोट जाईपर्यंत कुत्रा चार मीटर पुढे गेलेला असतो. पट्ट्याचा फास मनगटात घालून हातानं मूठही धरा. गळपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. तो पुढे ओढून बघा, कानांवरून निघून येत असेल तर एक भोक घट्ट करा किंवा छातीचा हार्नेस घ्या. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. मग गाड्या तुमच्या डावीकडून जातात, म्हणून कुत्रा उजव्या हाताला. शिकवताना त्याला डावीकडे चालायची सवय लावतात, ती इथे बदला. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही.

नसबंदी केल्यानं भटकणं कमी होतं. नराला माजावर आलेल्या कुत्रीचा वास फार लांबून येतो आणि त्या नादात तो रस्ता बघत नाही. शस्त्रक्रियेनंतर ही ओढ लगेच उतरत नाही, काही आठवडे जातात. तेवढे दिवस फाटकावर पहारा हवाच. मादी वर्षातून साधारण दोनदा, दोन-तीन आठवडे माजावर असते. नसबंदी झाली नसेल तर या काळात ती पट्ट्याशिवाय अंगणातही नको. वय आणि वेळ जातीप्रमाणे बदलते, ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

दिवाळी, विसर्जन, दहीहंडी, वरातीतला डीजे: या दिवसांत शांत कुत्रासुद्धा जीव घेऊन पळतो. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा मोठा करा. दार उघडायची वेळ आली तर आधी खोलीचं दार लावलंय ना ते बघा.

मांजराला या सगळ्यातलं थोडंच लागू पडतं. तिला रात्री घरात घ्या आणि नसबंदी करा. रस्त्यावरचे बरेचसे अपघात एवढ्यानं टळतात.

हरवलं तर परत यावं

गायी-म्हशींच्या कानातला पिवळा टॅग बारा आकडी असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा; विम्याचा दावा करतानाही तोच लागतो. टॅग नाही तर दावा नाही, हे विमावाले आधीच सांगतात. कुत्र्याच्या गळपट्ट्यावर धातूच्या बिल्ल्यावर दोन मोबाइल नंबर कोरून घ्या. नाव एकवेळ नसलं तरी चालेल, नंबर हवेत. पट्टा निघू शकतो, म्हणून खांद्यांच्या मध्ये तांदळाएवढी मायक्रोचिप बसवता येते. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो, पण नुसती चिप बसवून भागत नाही. तो क्रमांक तुमच्या सध्याच्या फोन नंबराशी नोंदलेला आहे ना, हे वर्षातून एकदा बघा.

कुत्रा पळाला तर मागे धावू नका, तो आणखी पळतो. खाली बसा, पाठ फिरवा, नेहमीच्या आवाजात खाऊचं भांडं वाजवा. तासाभरात नाही आला तर घरातल्या वापरलेल्या चादरीचा तुकडा फाटकापाशी टाका, ताजा फोटो गल्लीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. जनावर कोंडवाड्यात गेलं असेल तर लगेच गाठा. कोंडवाड्याचा १८७१ चा कायदा अजून लागू आहे: दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवता येतं, पण सात दिवस कोणी विचारलं नाही तर पुढची पायरी नोटिशीची आणि मग लिलावाची. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवून निवाऱ्यात ठेवायचे आदेश दिले आहेत, तेव्हा 'गावात कोण विचारतंय' या भरवशावर राहू नका. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून दुसऱ्याला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

राष्ट्रीय महामार्गावर जनावरं बसलेली दिसली तर १०३३ वर कळवा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. 'ढाब्याच्या पुढे' यावरून गस्तीची गाडी पोचत नाही.

धडक झालीच तर

आधी गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, आणि कोणीतरी पन्नास पावलं मागे जाऊन बॅटरी किंवा फडकं हलवत उभं राहायचं. जनावराला वाचवायला वाकलेल्या माणसाला मागची गाडी उडवते, हे विसरू नका.

मग १९६२ ला फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी. पडलेल्या गायीला शेपूट किंवा पाय धरून ओढू नका. ती आडवी पडून राहिली तर पोट फुगून दम कोंडतो, म्हणून छातीवर बसती करा आणि दोन्ही बाजूंना पोती भरून टेकू द्या. हलवायचं असेल तर ताडपत्रीवर घेऊन चार-सहा जणांनी सरकवा. वाहत्या रक्तावर स्वच्छ फडकं पाच मिनिटं न उचलता दाबून धरा; दर मिनिटाला उचलून बघितलं तर रक्त थांबत नाही. पाणी पाजू नका, हळद-चुना भरू नका.

जखमी कुत्रा मालकालाही चावतो. ओढणीची पट्टी करून तोंडाभोवती एक वेढा, हनुवटीखाली एक गाठ आणि टोकं कानांमागे बांधा. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मात्र तोंड बांधू नका. चादरीवर किंवा फळीवर उचला, कमरेत वाकू देऊ नका. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा, कुत्रा घरचा असला तरी.

धडक बसूनही कुत्रा उठून चालायला लागला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आतला रक्तस्राव काही तासांनी कळतो. ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी असतील तर ठीक, पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या, श्वास उथळ झाला, पोट ताठ लागलं, तर रात्र असली तरी निघा. पुढचे २४ तास दर दोन तासांनी हिरड्या बघत राहा, आणि त्या वेळात त्यानं लघवी केली की नाही हे लिहून ठेवा. मूत्राशय फुटलेलं असू शकतं. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.